बुद्धिबळांतला कच्चा डाव

कुस्तीच्या आखाड्यांत ‘टांग’ नांवाचा एक डाव आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पायांत आपला पाय अडकवून त्याला खालीं आणावयाचें, हें त्याचें सार. हा डाव मारतांना पैलवानाला क्षणभर एका पायावर उभें राहावें लागतें. म्हणजे प्रथम स्वतःचाच तोल पणाला लावावा लागतो. टांग साधली तर समोरचा चीत होतो. हुकली तर मारणाराच पाठीवर येतो. बुद्धिबळांत ज्याला ‘गॅम्बिट’ म्हणतात, त्याचें मूळहि असें पायांतच आहे. इटालियन भाषेंत ‘गाम्बा’ म्हणजे पाय, आणि ‘गाम्बेत्तो’ म्हणजे पाय घालून पाडणें. रुय लोपेझ ह्या स्पॅनिश धर्मोपदेशकानें १५६१ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत हा शब्द बुद्धिबळाला लावला, आणि तेव्हांपासून तो रूढ झाला. आपण होऊन एखादें प्यादें, क्वचित् घोडा किंवा उंटसुद्धां, शत्रूच्या तोंडीं द्यावयाचा, आणि त्याच्या मोबदल्यांत वेळ, मोकळ्या वाटा व हल्ल्याची संधि मिळवावयाची, असा हा व्यवहार आहे.

हा व्यवहार पुष्कळ वेळां चोख असतो. वजिराच्या बाजूचें प्यादें देऊ करणारा जो प्रसिद्ध गॅम्बिट आहे, तो जगज्जेत्यांनीं जगज्जेतेपदाच्या सामन्यांतून खेळलेला आहे. कारण तेथें दिलेलें प्यादें बहुधा परत मिळवितां येतें. परंतु कांहीं गॅम्बिट असे आहेत कीं, समोरच्यानें बिनचूक उत्तर दिलें तर दिलेल्या प्याद्याचा मोबदला शेवटपर्यंत पदरांत पडत नाहीं. दिसावयाला ते अतिशय आक्रमक, पण पायानें भुसभुशीत. अशा डावांना आपण ‘कच्चे डाव’ म्हणूं. आज मला बोलावयाचें आहे तें ह्या कच्च्या डावांविषयीं, आणि ते खेळून मिळणाऱ्या विजयाची किंमत कशी करावी ह्याविषयीं.

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील श्रोत्यांना हा विषय दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. पूर्वीं बुद्धिबळ म्हटलें कीं, ओटीवर मांडलेला पट, भोवतीं कोंडाळें करून बसलेले चार सल्लागार, आणि आंतून तीनदां हांक येऊनहि न उठणारे दोन खेळाडू, असें चित्र डोळ्यांपुढें उभें राही. गणेशोत्सवांत सोसायट्यांतून बुद्धिबळाच्या स्पर्धा अजूनहि होतात. पण खेळाचें मुख्य बिऱ्हाड आतां हललें आहे. तें मोबाइल फोनवर गेलें आहे. २०२० सालच्या टाळेबंदींत घरीं अडकलेल्या लोकांनीं फोनवर पट मांडला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका आली, आणि ज्यांनीं शाळा सुटल्यापासून सोंगट्यांना हात लावला नव्हता तेहि पुन्हां खेळूं लागले. टाळेबंदी उठली, माणसें पुन्हां लोकलमध्यें उभीं राहिलीं, आणि हा खेळहि त्यांच्याबरोबर लोकलमध्यें चढला.

सकाळच्या गर्दींत एका हातानें वरची कडी धरून दुसऱ्या हाताच्या आंगठ्यानें घोडा नाचविणारा गृहस्थ आपण पाहिलेला असेल. डोंबिवलीहून ठाण्यास येण्यास जलद गाडीला वीसेक मिनिटें लागतात. दोघांनाहि तीन-तीन मिनिटें असा डाव सहा मिनिटांच्या आंत संपलाच पाहिजे. म्हणजे तेवढ्या प्रवासांत तीन डाव सहज होतात. समोरचा खेळाडू ब्राझीलमधला आहे कीं बदलापूरचा आहे, हें ह्या गृहस्थाला ठाऊक नसतें, आणि जाणून घेण्याची त्याला फुरसतहि नसते. अशा ह्या घाईच्या ऑनलाइन खेळांत कच्च्या गॅम्बिटांना मोठें पीक आलें आहे. त्यांतला एक नमुना आपण जरा जवळून पाहूं.

ह्या डावाचें नांव ‘स्टॅफर्ड गॅम्बिट’. एरिक रोझेन ह्या अमेरिकन इंटरनॅशनल मास्टरनें तो इंटरनेटवर वारंवार खेळून दाखविल्यामुळें गेल्या कांहीं वर्षांत त्याचा फार बोलबाला झाला. ज्या श्रोत्यांच्या घरीं पट असेल त्यांनीं मनांतल्या मनांत सोंगट्या मांडाव्या. पांढरा आपल्या राजापुढील प्यादें दोन घरें सरकवितो. काळाहि तेंच करतो. पांढरा राजाकडील घोडा काढून काळ्याच्या प्याद्यावर रोख धरतो. आतां काळ्यानें आपल्या प्याद्याचें रक्षण करावें, ही सरळ रीत. पण तो तसें न करितां आपलाहि राजाकडील घोडा काढून पांढऱ्याच्या प्याद्यावर रोख धरतो. पांढऱ्याचा घोडा काळ्याचें प्यादें खातो. येथपर्यंत सारें शास्त्राला धरून आहे. ह्यापुढें काळ्यानें त्या घोड्याला प्याद्यानें हुसकावून लावावें आणि मग आपलें प्यादें वसूल करावें, असें पुस्तकें सांगतात. स्टॅफर्डचा खेळाडू मात्र वसुली सोडून देतो. तो आपला दुसरा घोडा पांढऱ्या घोड्याच्या समोर नेऊन उभा करतो. घोड्यानें घोडा मारला जातो, काळा आपल्या वजिरापुढील प्याद्यानें त्याची भरपाई करतो, आणि हिशेब केला तर काळ्याचें एक प्यादें कायमचें कमी झालेलें असतें.

त्या प्याद्याच्या बदल्यांत त्याला काय मिळालें? दोन्ही उंटांच्या वाटा मोकळ्या झाल्या आणि वजिरापुढची पट्टी उघडली. पांढरा आपल्या मधल्या प्याद्याला आधार म्हणून वजिरापुढील प्यादें एक घर सरकवितो. काळा आपला उंट काढून पांढऱ्या राजाच्या शेजारच्या दुबळ्या प्याद्यावर नेम धरतो. आतां पांढऱ्याला एक खेळी सुचते, आणि ती इतकी साहजिक असते कीं, दहांतले निम्मे लोक ती विचार न करितां करतात. तो वजिराकडील उंट लांब काढून काळ्याच्या घोड्याला वजिराशीं बांधून टाकतो. घोडा हलला तर वजीर मरेल, तेव्हां घोडा हलणार नाहीं, असा त्याचा समज. पण घोडा हलतो! तो वजिराला वाऱ्यावर सोडून मधलें प्यादें खातो. पांढरा हर्षानें वजीर मारतो. काळ्याचा उंट राजाशेजारचें प्यादें मारून शह देतो. राजाला पुढें येण्यावांचून गति नसते. आणि दुसरा उंट येऊन आठव्या खेळीला मात करतो. मारलेला वजीर पांढऱ्याच्या हातांत तसाच राहतो.

हें पाहून कोणाचेंहि मन हरखेल. पण आतां ह्याच नाटकाचा दुसरा प्रवेश पाहा. पांढऱ्यानें तो उंट लांब न काढतां राजासमोर दुसरा उंट एकच घर आणून ठेवला, सवडीनें किल्लेकोट करण्याची तयारी केली, आणि बाजूच्या प्याद्याचा आधार देऊन वजिरापुढील प्यादें पुढें रेटलें, म्हणजे काळ्याच्या उंटांची दृष्टि बंद होते, हल्ला विरतो, आणि उरतें काय, तर एक प्यादें कमी असलेला काळा. तीन शांत खेळ्या एवढाच ह्या विषाचा उतारा आहे. फोनवर फुकट मिळणारा संगणक-परीक्षक हा निकाल क्षणांत देतो. म्हणून ह्या डावाला कच्चा म्हणावयाचें.

असले डाव हें आजच्या उतावळ्या पिढीचें खूळ आहे, असें मात्र कोणी समजूं नये. योगायोग असा कीं, वर सांगितलेल्या डावांत तिसऱ्या खेळीला पांढऱ्या घोड्यानें प्यादें खाल्ल्यावर पटावर जी स्थिति उभी राहते, नेमकी तीच स्थिति १८४८ सालीं कलकत्त्यास एका गाजलेल्या डावांत उभी राहिली होती. मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवण्यास तेव्हां अजून पांच वर्षें अवकाश होता. पांढऱ्याकडून खेळत होते जॉन कॉक्रन नांवाचे बॅरिस्टर. ते मूळचे स्कॉटलंडचे, लंडनच्या नामांकित खेळाडूंपैकीं एक, आणि १८२२ सालीं बुद्धिबळावर ग्रंथ लिहिलेले. समोर होते महेशचंद्र बानर्जी, बंगालच्या खेड्यांत देशी पद्धतीनें तयार झालेले एक ब्राह्मण गृहस्थ. महेशचंद्रांनीं पुस्तकी रीतीप्रमाणें प्याद्यानें घोडा हुसकावला. घोडा मागें घ्यावयाचा, तर कॉक्रन यांनीं तो पुढें घालून राजाशेजारचें प्यादें मारलें आणि घोडा राजाच्या तोंडीं दिला! दोन प्याद्यांच्या मोबदल्यांत आख्खा घोडा. राजा उघड्यावर आला, त्याचा किल्लेकोट कायमचा गेला, आणि हल्ला सुरू झाला. ह्या खेळीला आज जगभर ‘कॉक्रन गॅम्बिट’ म्हणतात. १९९९ सालीं लिनारेसच्या स्पर्धेंत वेसेलिन टोपालोव्ह यानें तो प्रत्यक्ष व्लादिमीर क्रामनिकवर टाकला, आणि तो डाव बरोबरींत सुटला. तरीसुद्धां बिनचूक बचावापुढें घोड्याची भरपाई होत नाहीं, असेंच जाणत्यांचें मत आहे.

ह्या गोष्टींत मला अधिक मोलाचा वाटतो तो महेशचंद्रांचा भाग. आपल्या देशी खेळांत प्यादें सर्वसाधारणपणें एका वेळीं एकच घर चाले. त्यामुळें त्या वळणावर वाढलेल्या खेळाडूला घाई ठाऊक नसे. महेशचंद्र बाजूचें प्यादें एक घर सरकवून उंट कोपऱ्याच्या वाटेनें काढीत, मध्यभाग शत्रूला व्यापूं देत, आणि मग तोच मध्यभाग पोखरीत. त्या काळच्या विलायती दृष्टीला ही चाल मागासलेली वाटण्याजोगी होती. पण त्यांच्या खेळावरूनच ‘इंडियन डिफेन्स’ म्हणजे भारतीय बचाव हें नांव पडलें. १८५५ सालीं त्यांनीं कॉक्रनविरुद्ध खेळलेली एक मांडणी पुढें १९२२ सालीं ग्रुनफेल्ड ह्या ऑस्ट्रियन खेळाडूनें पुढें आणली आणि ती त्याच्या नांवानें प्रसिद्ध झाली. आज जगांतले श्रेष्ठ खेळाडू ह्या मांडण्या निःशंक मनानें खेळतात. कॉक्रन यांचा घोडा मात्र कौतुकाच्या कपाटांत जाऊन बसला आहे. हल्ला करणाऱ्याला टाळ्या मिळाल्या, आणि सोसणाऱ्याला शास्त्रांत जागा मिळाली.

ह्याहूनहि जुनें उदाहरण मद्रासचें आहे. घुलाम कासिम हे तेथील नामांकित खेळाडू. राजाकडील आख्खा घोडा देऊन हल्ला चढविणारा ‘मुझिओ गॅम्बिट’ म्हणून एक अत्यंत धाडसी डाव आहे. त्याच्या एका शाखेला आजहि घुलाम कासिमांचें नांव आहे. त्यांनीं जेम्स कॉक्रन ह्या मुलकी अधिकाऱ्याच्या साह्यानें ह्या डावाची चिकित्सा करून १८२९ सालीं मद्रासेस पुस्तक छापलें. हे कॉक्रन निराळे, कलकत्त्याचे नव्हेत. त्याच पुस्तकांत मद्रास आणि हैदराबाद ह्या दोन शहरांमध्यें टपालानें खेळल्या गेलेल्या दोन डावांचीहि हकीकत आहे. समोर नसलेल्या माणसाशीं खेळण्याची हौस अशी दोनशें वर्षांची जुनी आहे. फरक एवढाच कीं, तेव्हां एका खेळीचें उत्तर यावयाला दिवसच्या दिवस लागत, आणि आज तें तीन सेकंदांत न आलें तर आपण अस्वस्थ होतों. पण माझा मुद्दा निराळा आहे. घुलाम कासिमांनीं आपला धाडसी डाव लपवून ठेवला नाहीं. हल्ला कसा करावा आणि त्याला उत्तर काय द्यावें, हें दोन्ही त्यांनीं तपासलें आणि छापून जगापुढें ठेवलें. कच्च्या डावाशीं प्रामाणिकपणें कसें वागावें, ह्याचा धडा मला तेथें दिसतो.

आतां कोणी विचारील कीं, डाव इतका कच्चा असतां लोक त्यानें जिंकतात कसे? ह्याचें पहिलें उत्तर घड्याळांत आहे. तीन मिनिटें म्हणजे १८० सेकंद. डाव चाळीस खेळ्यांचा धरला तर खेळीमागें साडेचार सेकंद येतात. गॅम्बिट खेळणाऱ्याच्या पहिल्या आठ खेळ्या पाठ असतात. त्याचा वेळ खर्चच होत नाहीं. समोरच्याला मात्र प्रत्येक खेळीला ‘हें काय नवीन?’ म्हणून थांबावें लागतें. म्हणजे काळ्यानें प्यादें देऊन विकत घेतला तो हल्ला नव्हे, वेळ होय. उलट मोठ्या स्पर्धांतून चाळीस खेळ्यांना दीड तास देण्याची पद्धत आहे. तेथें खेळीमागें सव्वादोन मिनिटें येतात, आणि वर प्रत्येक खेळीला तीस सेकंद मिळतात तीं निराळींच. त्या पटावर तो तीन खेळ्यांचा उतारा शोधून काढणें साधारण खेळाडूलाहि कठीण नाहीं. सारांश, डाव कच्चा कीं पक्का हें कांहीं अंशीं घड्याळ ठरवितें. तीन मिनिटांत जो चालून जातो, तो तीन तासांत उघडा पडतो.

दुसरें उत्तर रेटिंगमध्यें आहे. आर्पाड एलो ह्या हंगेरींत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकानें खेळाडूंचें बळ अंकांत मोजण्याची जी पद्धति बसविली, ती आंतरराष्ट्रीय संघटनेनें १९७० सालीं स्वीकारली. फोनवरचे पट तशाच धर्तीच्या पद्धति वापरतात. जिंकलांत तर अंक वाढतात, हरलांत तर घटतात, आणि तुमची गांठ तुमच्याच तोलाच्या माणसाशीं घातली जाते. नवशिक्यांच्या पायरीवर सापळा कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून अंक भराभर चढतात. चढतां चढतां अशी पायरी येते कीं, तेथील लोकांना उतारा ठाऊक असतो. तेथें गॅम्बिट थांबतो आणि त्याच्याबरोबर खेळाडूहि थांबतो. मागें पाहावें तर मधल्या काळांत किल्लेकोट, प्याद्यांची रचना, डावाचा उत्तरार्ध ह्यांतलें कांहींच शिकलेलें नसतें. शिडीवरून चढण्याऐवजीं दोरानें वर ओढून घेतलेल्या माणसासारखी त्याची अवस्था होते: उंचीवर तर आलों, पण पायांखालीं पायऱ्या नाहींत.

ही अवस्था मीं अगदीं जवळून पाहिली. नौपाड्यांत राहणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांचा मुलगा सातवींत आहे. तो बुद्धिबळाच्या वर्गाला जातो आणि घरीं फोनवर हाच स्टॅफर्ड गॅम्बिट खेळतो. वर्गाच्या शिक्षकांनीं तो खेळूं नकोस म्हणून बजावलें, तेव्हांपासून घरांत धुसफूस सुरू झाली. मुलानें वर्गाला जाणेंच बंद करण्याचें बोलून दाखविलें. वडील मला म्हणाले, “तुम्हीच आतां त्याला काय तें सांगा. माझें तो ऐकत नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर गाडींत मीहि तोच डाव खेळतों!” मुलगा तर सरळच म्हणाला, “आजोबा, मी दहांतले सात डाव जिंकतों. मग हा डाव वाईट कसा?”

प्रश्न अगदीं रास्त होता, आणि ‘मोठ्या माणसांचें ऐकावें’ हें त्याचें उत्तर नव्हे. मीं त्याला म्हटलें, “तुझे शेवटचे दहा डाव आपण लांकडी पटावर मांडून पाहूं.” फोनमध्यें प्रत्येक डावाची नोंद राहते, ही मोठी सोय आहे. आम्ही ते दहाहि डाव सावकाश खेळून पाहिले. जिंकलेल्या सातांपैकीं चार डावांत समोरच्यानें सहाव्या खेळीला उंट लांब काढण्याची तीच चूक केली होती. दोन डावांत समोरच्याची वेळ संपली होती. पटावर पाहिलें तर ते दोन्ही डाव आमच्या चिरंजीवांचे हरलेले होते. हरलेल्या तीन डावांत समोरच्यानें शांतपणें उंट राजापुढें ठेवला आणि मग मारामारी करीत करीत एका जास्तीच्या प्याद्यावर डाव नेला. उरला एक जिंकलेला डाव. त्यांत सापळा फसला होता. प्यादें कमी असतां मुलानें चाळीसहून अधिक खेळ्या नेटानें झुंज दिली, हत्ती मोक्याच्या पट्टीवर आणला, आपला राजा पुढें काढला आणि शेवटीं प्याद्याचा वजीर केला. तो डाव पाहून मला मनापासून आनंद झाला. मीं त्याला विचारलें, “हा डाव तूं कोणाला दाखविलास का?” तो म्हणाला, “नाहीं. ह्यांत कांहीं मजा झाली नाहीं. खूप वेळ गेला.”

श्रोतेहो, मला वाटतें, सारें दुखणें त्या एका वाक्यांत आहे. ज्या डावांत तो खरोखर खेळला, तो त्याला कमी प्रतीचा वाटला. आणि ज्यांत समोरच्यानें चूक केली, ते त्याला स्वतःचे पराक्रम वाटले. कच्चा डाव आपलें एक प्यादें घेतो ह्याची मला क्षिति नाहीं. तो आपल्या विजयांकडे पाहण्याची नजर घेतो, हें नुकसान मोठें आहे.

ह्यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे, आणि मराठी माणसाकडून तो हमखास येईल. ‘हा गनिमी कावाच नव्हे काय? प्रबळ शत्रूला अनपेक्षित ठिकाणीं गांठणें, त्याच्या गैरसावधपणाचा लाभ घेणें, हें तर आमच्या रक्तांतच आहे!’ मला हा आक्षेप आवडतो, कारण त्यानें विचार पुढें सरकतो. ज्या कल्याणांत आपण राहतों तें शिवाजी महाराजांनीं १६५७ सालीं घेतलें. ह्या मातीला धाडस नवीन नाहीं. पण महाराजांचा सर्वांत मोठा गॅम्बिट कोणता, असें मला कोणी विचारलें तर मी १६६५ सालच्या पुरंदरच्या तहाकडे बोट दाखवीन. तेवीस किल्ले त्यांनीं आपण होऊन दिले आणि बारा राखले. ही केवढी मोठी आहुति! परंतु तो तह करतांना जयसिंग चूक करील अशी आशा त्यांनीं धरली नव्हती. जयसिंग काय करूं शकतो हें पुरतें ओळखून, त्याच्या उत्तमांत उत्तम खेळीला उत्तर म्हणून त्यांनीं किल्ले दिले आणि वेळ घेतला. त्या वेळाचा उपयोग पुढें झाला. १६७० सालीं सिंहगडापासून ते किल्ले परत येऊं लागले. गनिमी काव्यांत शत्रूच्या बळाचा अंदाज अगोदर असतो आणि माघारीची वाटहि अगोदर पाहिलेली असते. शत्रूच्या अज्ञानावर सर्वस्व लावून वाट पाहत बसणें, ह्याला गनिमी कावा म्हणतां येणार नाहीं. तो मटका होय.

तर मग हे डाव खेळूंच नयेत काय? असा निषेध करण्याची माझी मुळींच इच्छा नाहीं. कच्च्या डावांतहि शिकण्यासारखें पुष्कळ आहे. सोंगट्यांची संख्या म्हणजे बळ नव्हे, त्यांना मोकळी वाट पाहिजे. राजा मध्यभागीं उघडा राहणें घातक असतें. बांधलेला घोडासुद्धां सुटूं शकतो: हीं सत्यें पुस्तकांतून वाचून जितकीं ठसत नाहींत, तितकीं एका स्टॅफर्ड गॅम्बिटनें ठसतात. शिवाय दिवसभर कचेरींत सावधपणें वागून आलेल्या माणसाला संध्याकाळीं गाडींत तीन मिनिटें बेसावध होण्याचें सुख कां मिळूं नये? तेथें कोणाचें कांहीं बुडत नाहीं. फक्त त्या सुखाला विद्या समजूं नये. १८८६ सालीं पहिला जगज्जेता ठरलेला विल्हेल्म स्टाइनिट्झ तरुणपणीं स्वतः मोठा हल्लेखोर होता. पण पुढें त्यानें असा सिद्धांत मांडला कीं, हल्ला करण्याचा हक्क पटावरच्या स्थितीनें दिला पाहिजे, खेळाडूच्या इच्छेनें नव्हे. बुद्धिबळाच्या आधुनिक विचाराचा पायाच त्यानें तेथें घातला.

नौपाड्यांतल्या त्या मुलानें शेवटीं मला विचारलें, “मग आजोबा, हा डाव मी सोडूं का?” मीं म्हटलें, “सोडूं नकोस. फक्त पंधरा दिवस पट फिरवून बस. पांढऱ्या बाजूनें खेळ, आणि बाबांना काळ्या बाजूनें तुझाच गॅम्बिट तुझ्यावर टाकूं दे.” त्याला हें चमत्कारिक वाटलें, पण बापाला हरविण्याची संधि कोणता मुलगा सोडील? आठवड्याभरांत त्याचा फोन आला. “आजोबा, पांढऱ्यानें घाई केली नाहीं तर काळ्याजवळ कांहींच उरत नाहीं!” ही गोष्ट त्याच्या शिक्षकांनीं त्याला अनेकदां सांगितली असेल, पण आतां ती त्याची स्वतःची झाली. तो वर्गाला पुन्हां जाऊं लागला आहे. फोनवर तो स्टॅफर्ड अजूनहि खेळतो असें ऐकतों, आणि त्यांत मला कांहीं वावगें दिसत नाहीं. कारण आपण काय पणाला लावीत आहों, हें आतां त्याला समजलें आहे.

ज्या घरांतून असा वाद चालू असेल, त्या घरांतल्या वडील माणसांना मला एवढेंच सुचवावयाचें आहे. मुलाला ‘जिंकलास का?’ एवढें विचारून थांबूं नका. ‘समोरच्यानें सर्वांत चांगली खेळी केली असती तर तूं काय केलें असतेंस?’ असेंहि विचारा. हरलेले डाव तपासण्याची शिस्त पुष्कळांना असते. जिंकलेले डाव तपासण्याची फार थोड्यांना असते, आणि खरी फसवणूक तर तेथेंच दडलेली असते. घाईचा पट आणि सवडीचा पट निरनिराळे ठेवा: आठवड्यांतून एकदां तरी लांकडी सोंगट्या मांडून, अर्ध्या तासाचें घड्याळ लावून, समोरासमोर बसून एक डाव होऊं द्या. आणि जो कोणी कच्चा डाव खेळूं इच्छितो, त्यानें त्याचा उतारा समोरच्यापेक्षां अधिक चांगला शिकून घ्यावा. उतारा ठाऊक असून जो प्यादें देतो, तो धाडसी. उतारा कोणालाच ठाऊक नसेल ह्या भरंवशावर जो देतो, तो केवळ आशाळभूत. दोघांची खेळी पटावर एकच दिसते. फरक खेळणाऱ्याच्या मनांत असतो, आणि तो त्याचा त्यालाच ठाऊक असतो.